जुबेदाभाभींचे सहा व्होल्ट

जुबेदाभाभी फेरे मोजत असताना कुणाशी बोलत नसत. डाव्या हाताची दोन बोटं तांब्याच्या तारेवर, उजव्या हातात फिरकीचा दांडा, आणि ओठ हलत असत. मध्येच कुणी हाक मारली आणि आकडा तुटला तर त्या रागवायच्या नाहीत. गुंडाळलेली सगळी तार उलटी सोडवायच्या आणि पुन्हा एकपासून सुरू करायच्या. हाक मारणाऱ्यानं तोवर दारात उभं राहायचं. मी एकदा तसा उभा राहिलो आहे. नऊशे वीस फेरे, सव्वीस मिनिटं. माझ्याकडे बिघडलेला स्टॅबिलायझर होता आणि त्यांच्याकडे भरपूर वेळ होता. "घाई कुणाला हाय? मला न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

ट्रान्सफॉर्मर भरणं हा त्यांचा धंदा. तारेतून दोनशे तीस व्होल्ट येतात. रेडिओला नऊ लागतात, कशाला बारा, कशाला सहा. ते उतरवायचं काम ट्रान्सफॉर्मर करतो, आणि किती उतरवायचे ते फेऱ्यांवर ठरतं. भाभींचं माप होतं व्होल्टला चार फेरे. दोनशे तीसला नऊशे वीस, बाराला अठ्ठेचाळीस. मी दूध सोसायटीचा सचिव. आकडे लिहिण्यात माझी सगळी नोकरी सरली, म्हणून मला हे माप एकदा ऐकूनच पाठ झालं. पण फेऱ्यांवर काम संपत नाही. गावातली लाईट दिवसभर वरखाली होते, तसे उतरवलेले व्होल्टही वरखाली होतात. म्हणून पुढे एक रेग्युलेटर बसवायचा. त्याला थोडं जास्तच द्यायचं. तो ठरलेलं तेवढं पुढं सोडतो आणि वरचं स्वतः गरम होऊन जिरवतो. भाभी तो नखाएवढा काळा तुकडा दाखवून म्हणायच्या, "याला हात लावून बघा, भाऊ. आत तापलाय. पण पुढं सहा म्हणजे सहाच." त्यांच्या स्वभावाचं याहून नेमकं वर्णन मला आजवर जमलेलं नाही.

हा धंदा मुळात त्यांचे पती उस्मानभाई यांचा. आमचं गाव चौसाळ्यापासून पाच किलोमीटर आत. आसपासच्या अकरा गावांत रेडिओ, टीव्ही, पंपाचे स्टार्टर दुरुस्त करणारा माणूस एकच, उस्मानभाई. भाभी पंधरा वर्षं घरात बसून त्यांना तार भरून देत होत्या. आमच्या सोसायटीतलं दुधाची फॅट मोजायचं मशीनही तेच बघत.

त्या मशीनची गोष्ट आधी सांगितली पाहिजे. मशीनच्या आत एक छोटा बल्ब असतो, सहा व्होल्टचा. त्याचा उजेड दुधाच्या थेंबातून पलीकडे जातो. दुधात फॅट जास्त असली तर उजेड कमी पोचतो. त्यावरून मशीन आकडा दाखवतं. म्हणजे कुणी बल्ब जरासा जास्त पेटवला, तर पलीकडे उजेड जास्त जाणार आणि चांगलं दूधही पातळ ठरणार. गाईच्या दुधाला साडेतीनची हद्द होती. त्याखाली दूध परत.

एका पावसाळ्याच्या सुरुवातीला, सोसायटीची निवडणूक होऊन दोन महिने झाले होते, उस्मानभाईंनी मशीन साफ करायला उघडलं. आत त्यांना दोन बारीक वायरी जास्तीच्या दिसल्या. त्या टेबलाच्या आडव्या फळीखाली गेल्या होत्या आणि तिथं दाराच्या बेलचं एक बटण होतं. गुडघ्यानं दाबलं की बल्बला सहाऐवजी सहा पूर्णांक चार व्होल्ट. फॅट चार दशांशानं खाली. मशीनवर चेअरमनचा पुतण्या बंडू बसायचा. बटण कुणाच्या बरणीला दाबलं जायचं हे मला तेव्हाच कळलं, कारण वही माझ्या हातात होती. वरची वस्ती आणि तांडा, जिथून चेअरमनच्या पॅनलला मतं मिळाली नव्हती, तिथल्या एकेचाळीस घरांची फॅट मतमोजणीनंतर एकाच आठवड्यात उतरली होती. चेअरमनच्या गोठ्याचं दूध मशीनला लागतच नसे. त्याची फॅट बंडू तोंडी सांगे, वाढवून, आणि मी लिहीत असे. एकूण बेरीज वरच्या दूध केंद्राच्या मापाशी जुळायची, म्हणून तिथून कुणी विचारत नसे.

उस्मानभाई सरळ माणूस. ते बोंब न मारता आधी चेअरमनकडे गेले. एकांतात सांगितलं, "साहेब, हे काढून टाका. मी कुणाला बोलत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी चेअरमननी सगळ्या सभासदांना सोसायटीच्या अंगणात बोलावलं. उस्मानभाईंना सगळ्यांसमोर मशीन उघडायला लावलं आणि वायरी दिसल्याबरोबर म्हणाले, "बघा! मशीनला हात लावणारा गावात एकच माणूस हाय. विरोधकांनी याला हाताशी धरून सोसायटी बदनाम करायचा डाव टाकलाय." उस्मानभाई मशीनचं झाकण लावायला लागले. त्यांची अवजारांची पेटी बंडूनं अंगणात उलटी केली. पक्कड, सोल्डरचं गुंडाळं, स्क्रू, सगळं शेणमातीत. ते गुडघ्यांवर बसून एकेक वेचत होते आणि लोक बघत होते. ज्यांचं दूध परत गेलं होतं तेच लोक शिव्या देत होते. यापुढे कुणाही सभासदानं उस्मान मिस्त्रीकडे काम देऊ नये, असा ठराव झाला. तो इतिवृत्तात मी लिहिला, माझ्या अक्षरात. काय खरं आहे ते मला ठाऊक होतं आणि मी शुद्धलेखनाची एकही चूक केली नाही.

महिनाभर एकेचाळीस घरांची फॅट सुधारली. लोक म्हणाले, बघा, मिस्त्री गेला आणि मशीन सुधारलं. मग बटण परत बसलं, या वेळी जरा नीट लपवून. पुढे पाऊस गेला, चारा सुकला, आणि फॅट उतरली त्याचा दोष दुष्काळाच्या माथी बसला.

उस्मानभाई त्या दिवसापासून घराबाहेर पडले नाहीत. आतल्या खोलीत बाजेवर, दाराकडे पाठ करून बसायचे. वायरी डाग देऊन जोडायच्या सोल्डरिंग गनला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. दीड महिन्यानं भाभींनी ती स्वतः उचलली. भरणं त्यांना येतच होतं, जोडणी नवऱ्याची बघून डोळ्यात होती. त्या मोठ्यानं विचारायच्या, "इथं लाल वायर का पिवळी?" आतून उत्तर यायचं नाही. पण चुकीची लावली की आतून खोकला यायचा. मग त्या वायर बदलायच्या. त्या दोघांचं वर्षभर एवढंच बोलणं चाललं.

ठराव मिस्त्रीच्या नावाचा होता, बायकोच्या नावाचा नव्हता. आणि लाईट इतकी वाईट झाली होती की स्टॅबिलायझरशिवाय कुणाचं चालेना. हळूहळू लोक भाभींकडे येऊ लागले. एक दिवस चेअरमनच्या घरचा टीव्हीचा स्टॅबिलायझर आला, गड्याच्या हातून. माझी बायको सुमन तेव्हा तिथं बसली होती. ती म्हणाली, "भाभी, शे-दोनशे फेरे इकडचे तिकडं केले तर टीव्हीचा धूर निघंल की न्हाई?"

"निघंल की."

"मग करा ना. काहून सोडता?"

भाभींनी स्टॅबिलायझर नेटका करून गड्याच्या हातात दिला. तो गेल्यावर म्हणाल्या, "टीव्ही जाळला तर तो उद्या नवा आणंल. माझ्या माणसाची पेटी अंगणात उलटी केली, सुमन. मला अंगणच पायजे."

सुमननं घरी येऊन मला हे सांगितलं आणि वर विचारलं, "तुम्हाला काय झालं खाली बघायला?" मला काही झालं नव्हतं.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी विहिरी तळाला गेल्या. लाईट आली की डीपीवरचे सगळे बोअर एकदम सुरू व्हायचे आणि नेमकी तीच दूध घ्यायची वेळ. सोसायटीत एकशे तीस व्होल्ट यायचे. तेवढ्यात मशीनचा बल्बच नीट पेटेना. आकडे नाचायला लागले. एकाच बरणीची फॅट एकदा पाच, एकदा सात. बीडहून दोन वेळा माणूस येऊन गेला, दोन दिवस चाललं की परत तेच. शेतात काही उरलं नव्हतं, घरात येत होतं ते दुधाचंच. आणि वरच्या केंद्रानं कळवलं की आकडे असेच आले तर संकलन बंद. चेअरमनना आता भाभींच्या दारात जाणं भाग होतं. ते मला सोबत घेऊन गेले.

भर दुपार होती. भाभींनी आम्हाला गल्लीच्या तोंडाशी पाहिलं. हातातलं काम बाजूला ठेवलं, तार गुंडाळायची रिकामी बॉबिन फिरकीला लावली आणि आम्ही दारात पोचेपर्यंत त्यांचे ओठ हलायला लागले होते.

"भाभी, जरा सोसायटीचं काम होतं," चेअरमन म्हणाले.

भाभींनी हात थांबवला. तार उलटी सोडवली. एकपासून सुरुवात केली.

"अहो, मी काय म्हनतो..."

पुन्हा तार सुटली. या वेळी पाचशेच्या पुढं गेलेली होती. मी हळूच म्हणालो, "साहेब, बोलू नका." गल्लीतल्या बायका आपापल्या दारात आल्या. पांढऱ्या कपड्यातले चेअरमन उन्हात उभे आणि जुबेदा मिस्त्रीण मान वर करत नाही, हे त्यांनी पोटभर पाहिलं. मी घड्याळ पाहत होतो. पंचावन्न मिनिटं. नऊशे वीस झाल्यावर भाभींनी तार तोडली, बॉबिन कोपऱ्यात ठेवली.

"कुणाची हाय ही?" घाम पुसत चेअरमननी विचारलं.

"कुणाचीच न्हाई," भाभी म्हणाल्या. "बोला."

त्यांनी काम घेतलं, तीन अटींवर. मशीन घरी आणायचं नाही, त्या सोसायटीत येऊन बसवणार. बसवताना सभासद हजर पाहिजेत. आणि काट्याचा एक मीटर टेबलावर लोकांच्या बाजूला तोंड करून राहील. "लाईट आली का न्हाई ते बायांना दिसू द्या. उगा बंडूच्या नावानं वरडत्यात." चेअरमनना ती त्यांच्याच फायद्याची गोष्ट वाटली. ते हो म्हणाले. आतल्या वायरी बाईमाणसाला काय कळणार, असं वाटेत मला म्हणाले.

चार दिवसांनी, सकाळच्या दुधाच्या आधी, भाभी आल्या. डोक्यावर ओढणी, काखेत एक लाकडी खोकं. आत बारा व्होल्टची बॅटरी, लाईट असेल तेव्हा ती भरायची सोय, आणि पुढं त्यांचा तो तापणारा काळा तुकडा, उष्णता जिरवणाऱ्या पत्र्यावर बसवलेला. बॅटरी बाराची असो की उतरून दहाची, पुढं सहाच. गावाची लाईट कितीही नाचो, बल्बला कळणार नाही. त्यांनी मशीन उघडलं. बटणाच्या वायरी त्यांना दिसल्या. हे मी खात्रीनं सांगतो, कारण मी शेजारी उभा होतो आणि त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी त्या वायरींना हात लावला नाही. तोडल्या नाहीत, सैल केल्या नाहीत. उलट त्यांच्या नव्या पुरवठ्यावर नीट जोडून दिल्या. मीटर मात्र त्यांनी लाईटला न लावता बल्बला लावला. आणि काचेवर सहाच्या आकड्यावर लाल रंगाची रेघ ओढली.

बरण्या घेऊन रांग लागली होती, साठसत्तर माणसं. भाभी रांगेकडे वळून म्हणाल्या, "काटा लाल रेघंवर असंल तर मशीन बरूबर. हलला तर वरडा." आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

पहिल्या नऊ बरण्या चेअरमनच्या भावकीच्या. काटा सहावर. दहावी वरच्या वस्तीच्या कौसाबाईची. बंडूला सवय लागलेली होती. माझ्या मते त्यानं विचारही केला नसेल, गुडघा आपोआप उचलला.

काटा रेघ सोडून पुढं गेला.

"हलला! हलला गं बाई!" कौसाबाई ओरडली.

बंडूनं दचकून पाय काढला. काटा परत सहावर. पण मशीनवर आकडा आधीच आला होता, तीन पूर्णांक चार. दूध परत.

"पुन्यांदा घ्या," भाभी खांबापासून म्हणाल्या. त्याच बरणीतलं दूध पुन्हा घातलं. बंडूचे दोन्ही पाय आता स्टुलाच्या दांडीवर होते. तीन पूर्णांक आठ.

अंगणात आवाज उठायला सुरुवात झाली. भाभींनी कौसाबाईला टेबलाखाली हात घालायला सांगितलं. कौसाबाईनं चाचपलं, दाबलं. काटा पुढं. सोडलं. काटा मागं. मग रांगेतला जो तो येऊन दाबून बघायला लागला. दीड वर्ष ज्याच्या नावानं शिव्या दिल्या तो माणूस दोन गल्ल्या पलीकडं पाठ करून बसला होता, आणि बटण इथं होतं. कुणीतरी बंडूची कॉलर धरली. भाभी म्हणाल्या, "त्याला सोडा. चेअरमनला बोलवा."

चेअरमन आले तेव्हा त्यांना बसायला खुर्ची कुणी दिली नाही. ते म्हणाले, चौकशी करू, समिती नेमू. भाभी म्हणाल्या, "समिती नको. इथंच त्यांची पेटी उलटी केलती. इथंच म्हना, उस्माननं केलं न्हाई."

चेअरमन पुटपुटले.

"मागच्यांना ऐकू गेलं न्हाई."

ते पुन्हा म्हणाले. भाभींनी पुन्हा तेच सांगितलं. पाच वेळा. पाचव्या वेळी चेअरमनचा आवाज फुटला आणि मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. तो माणूस माझ्याकडून दीड वर्ष खोटं लिहून घेत होता. मी लिहीत होतो हा माझा गुन्हा, पण त्या सकाळी त्याची मान खाली गेलेली बघून मला चहासुद्धा गोड लागला.

एवढ्यावर भाभी थांबल्या नाहीत. त्यांनी चेअरमनना आपल्या घरापर्यंत चालवलं, मागं सगळं गाव. उस्मानभाई आवाज ऐकून दारात आले होते. उजेडानं डोळे मिचकावत होते. चेअरमननी हात जोडले. उस्मानभाई म्हणाले, "जाऊ द्या साहेब. झालं गेलं. माफ केलं."

भाभींचा चेहरा मी पाहिला. दीड वर्ष तापवत ठेवलेलं सगळं त्या एका वाक्यानं वाया घालवलं होतं. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुमी केलं असंल. मी न्हाई केलं." आणि चेअरमनना म्हणाल्या, "निघा. आता दर येळी माझ्या दारावरनं जाताना आठवा." चेअरमननी पुढं वर्षभर चौसाळ्याला जायला लांबचा रस्ता धरला. पुढच्या निवडणुकीत त्यांच्या पॅनलचा एकही माणूस आला नाही.

उस्मानभाई मग बाहेर पडायला लागले, पण सोल्डरिंग गन भाभींच्याच हातात राहिली. ते तार भरायचे, त्या जोडायच्या.

मी उरलो होतो. आठ दिवस भाभी काही बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी सोसायटीत आल्या. रांग होती. सरळ माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "सचिवभाऊ, तुमच्या वहीत दिसत हुतं ना?"

मी म्हणालो, "दिसत होतं."

"कधीपास्नं?"

"पहिल्या आठवड्यापासून."

लोक ऐकत होते. मला वाटलं, आता माझी वही अंगणात जाणार. त्यांनी वहीला हात लावला नाही. म्हणाल्या, "तुमाला लिहायची लई सवय. आता बोलायची लावा. दर बरणीला आधी काटा मोठ्यानं वाचा, मग फॅट. दर बरणीला. जोवर सचिव हाय तोवर."

एकशे बारा बरण्या सकाळी, एकशे चार सांजच्या. दोनशे सोळा वेळा रोज मी "सहा" म्हणू लागलो. पहिल्या आठवड्यात पोरी हसायच्या. माझा आवाज बसला. पण वाचणं मी चुकवलं नाही, कारण रांगेतलं कुणी ना कुणी भाभींना जाऊन सांगणार हे मला माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर ज्यांचं दूध मी दीड वर्ष गप्प राहून परत पाठवलं त्यांच्या तोंडाकडं बघत "सहा" म्हणणं सोपं नव्हतं. रोज एकेचाळीस तोंडं यायची.

त्यानंतर भाभी आमच्या घरी सुमनला भेटायला यायच्या, तिच्याशी हसून बोलायच्या, पण मी घरात असलो तर चहा घेत नसत. तीन वर्षांनी त्यांनी बीडला दुकान घेतलं. टेम्पोत सामान चढलं त्या दिवशी मी गेलो आणि धीर करून विचारलं, "भाभी, आता तरी माफ करा."

"माफ केलं तर तुमी काटा वाचायचं सोडताल," त्या म्हणाल्या आणि टेम्पोत बसल्या.

मागच्या वर्षी उस्मानभाईंचा फोन आला, भाभी गेल्या. मी बीडला पोचलो तोवर दफन होऊन गेलं होतं. दुकानात फिरकी तशीच होती, त्यावर अर्धी भरलेली बॉबिन. उस्मानभाईंनी मला स्टूल पुढं केलं. मग मी विचारलं, माझ्याबद्दल कधी काही म्हणाल्या का?

"हमेशा विचारायची," उस्मानभाई म्हणाले. "गावाकडचं कुणी आलं की पहिला सवाल तोच. सचिव अजून वाचतो का? मी म्हनायचो, वाचतो. आता बस कर, म्हातारा झाला तो, सोड त्याला."

"मग?"

"मग म्हनायची, वाचू दे."